कारण मेले, तट उरले

दिवाळी अंकासाठी स्कॉटलंडच्या पाद्र्यांची भांडणे लिहायला घेतली आहेत, असे कळताच आमच्या घरात सर्वांनी नाके मुरडली. "लोक चकली खात खात अंक वाचतात, त्यांना कशाला ही कटकट?" असा गृहलक्ष्मीचा सवाल. सवाल रास्त आहे. पण वाचकहो, ही गोष्ट पाद्र्यांची असली तरी पाद्र्यांपुरती नाही. थोडा धीर धरा. अर्धी चकली संपेपर्यंत तुम्हाला आपल्याच गल्लीतले चेहरे त्यात दिसू लागतील, याची हमी मी देतो.

गोष्ट सुरू होते आमच्याच इमारतीत. आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहतात. मूळचे नगरकडचे, पेशाने शिक्षक, आता निवृत्त. दिवाळीला आमचे ताट त्यांच्याकडे जाते आणि नाताळात त्यांचा केक नि करंज्या आमच्याकडे येतात. एकदा बोलता बोलता मी त्यांना विचारले, "मास्तर, तुमच्यातही पंथ असतात म्हणे. तुमचा पंथ कोणता?"

मास्तर मिस्किल हसले. म्हणाले, "अहो, आमचा पंथ आमच्या आजोबांच्या गावावरून ठरला! नगरला अमेरिकन मराठी मिशन होते, ते काँग्रिगेशनल. म्हणून आम्ही काँग्रिगेशनल. आजोबा जालन्याला असते तर स्कॉटिश मिशनमुळे आम्ही प्रेस्बिटेरियन झालो असतो. नाशिकला असते तर इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे अँग्लिकन! ख्रिस्त एकच. पण बोरी बंदरावरून कोणत्या गाडीत बसलात त्यावर पंथ अवलंबून."

मी हसलो; पण मास्तर गंभीर झाले. "हसण्यासारखेच आहे," ते म्हणाले, "पण हे पंथ जिथे जन्मले तिथे माणसांनी त्यांच्यासाठी घरेदारे सोडली आहेत. आणि नंतर त्याच पंथांसाठी सख्ख्या भावांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही." मग त्यांनी मला जी हकीकत सांगितली, आणि नंतर पुस्तके धुंडाळून मी तिच्यात जी भर घातली, ती अशी.

स्कॉटलंडने १५६० साली पोपची सत्ता झुगारली. जॉन नॉक्स हा त्या चळवळीचा अग्रणी. कॅल्व्हिनच्या शिकवणुकीप्रमाणे तिथे जे चर्च उभे राहिले त्यात बिशप नको, वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने कारभार करावा, असे ठरले. ही सुधारित मताची मंडळी मोठी करारी. पवित्र शास्त्र घरोघर वाचणारी, रविवार कडकडीत पाळणारी, आणि मतासाठी प्राण द्यायला तयार असणारी. अशा लोकांवर १७१२ साली पार्लमेंटने एक कायदा लादला. गावचा पाळक कोण असावा हे गावाने नव्हे, तर तिथल्या जमीनदाराने ठरवावे! म्हणजे देवळाचा पुजारी इनामदाराने नेमायचा, आणि त्याचे प्रवचन आवडो वा न आवडो, गावाने मुकाट्याने ऐकायचे.

हे शल्य शंभर वर्षे सलत राहिले. १८३४ साली चर्चच्या महासभेने ठराव केला की, गावातल्या बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर जमीनदाराचा माणूस नेमायचा नाही. लगेच ऑक्टरार्डर नावाच्या गावी कसोटी लागली. तिथे जमीनदाराने एक उमेदवार पाठवला. त्याच्या बोलावण्यावर गावातल्या अवघ्या दोघांनी सह्या केल्या, आणि ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नकार दिला. प्रकरण कोर्टात गेले, थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले, आणि १८३९ साली निकाल लागला तो जमीनदाराच्या बाजूने. गावाच्या नापसंतीला कायद्यात किंमत नाही!

त्याहून हृदयद्रावक प्रसंग मारनॉक गावचा. जानेवारी १८४१. बाहेर बर्फ साचलेले. ज्या पाळकाच्या बोलावण्यावर सबंध गावात एका खानावळवाल्याचीच काय ती सही होती, त्याला गादीवर बसवण्याचा तो दिवस. चर्च माणसांनी गच्च भरले होते. गावकऱ्यांनी आपला निषेध शांतपणे वाचून दाखवला. मग आपापल्या बाकांवरची बायबले उचलली आणि म्हातारेकोतारे, बायाबापड्या साऱ्या उठून बर्फात चालत्या झाल्या. ज्या देवळात त्यांच्या वाडवडिलांनी गुडघे टेकले होते, ते त्यांनी मागे वळून न पाहता सोडले.

आणि मग उजाडला १८ मे १८४३ चा दिवस. एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली होती. मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श उठले, त्यांनी निषेधपत्र वाचले, ते टेबलावर ठेवले, राणीच्या प्रतिनिधीला लवून नमस्कार केला आणि दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागे त्या काळचा सर्वांत थोर धर्मोपदेशक टॉमस चामर्स, आणि त्यांच्यामागे रांगच्या रांग. रस्त्यावर दुतर्फा गर्दी. मंडळी टॅनफील्डच्या सभागृहात जमली आणि तिथे 'फ्री चर्च', म्हणजे स्वतंत्र चर्च, स्थापन झाले. सुमारे १२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी राजीनामे दिले. राजीनामा म्हणजे काय, हे पगारदार वाचकांना समजावून सांगायला नको. पगार गेला, आणि चर्चच्या मालकीचे राहते घरही गेले. पोरांना घेऊन कुठल्या छपराखाली निजायचे याची विवंचना त्या ४७४ घरांतल्या बायकांनी केली असेल. इतिहासाने त्यांची नावे मात्र फारशी लिहून ठेवलेली नाहीत.

जमीनदारांनी सूड उगवला. कित्येकांनी नव्या चर्चसाठी हातभर जागा द्यायचे नाकारले. लोक रस्त्याच्या कडेला, समुद्राच्या वाळूत, उघड्या माळावर उपासना करीत. स्ट्राँशियनच्या लोकांनी तर कमालच केली. जमिनीवर जागा मिळत नाही ना? मग पाण्यावर! त्यांनी १८४६ साली क्लाइड नदीवरच्या कारखान्यातून एक लोखंडी तरंगते चर्च बांधून आणले आणि खाडीत नांगरले. साडेसातशे माणसे त्यात बसत. गंमत अशी सांगतात की, शंभर माणसे चढली की ते एक इंच खाली जाई. तेव्हा कोणत्या पाळकाच्या प्रवचनाला किती गर्दी, हे किनाऱ्यावरून इंचांत मोजता येई! आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या सभांना असे एखादे माप लावता आले असते तर किती बरे झाले असते!

आता तुम्ही म्हणाल, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. पण नाही. या फुटीची भेग थेट मुंबई-पुण्यापर्यंत आली होती. चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी आपली इंग्रजी शाळा काढली. १८४३ च्या आरंभी ते मायदेशी निघाले होते. बरोबर होते धनजीभाई नौरोजी, १८३९ साली ख्रिस्ती झालेले पारशी तरुण. इजिप्त, पॅलेस्टाइन फिरत फिरत ते स्कॉटलंडला पोहोचतात तो तिथे चर्चचे दोन तुकडे झालेले! हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांना विचारणा झाली : तुम्ही कोणत्या बाजूला? सर्वच्या सर्व मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने गेले. कायद्याने शाळांच्या इमारती जुन्या चर्चच्या. त्या त्यांनी सोडल्या आणि पुन्हा पाटीपेन्सिलीपासून सुरुवात केली. कलकत्त्याला अलेक्झांडर डफ यांनीही तेच केले. पुढे कितीतरी वर्षे मुंबईत आणि कलकत्त्यात एकाच देशाच्या, एकाच मताच्या लोकांच्या दोन दोन शिक्षणसंस्था चालू होत्या. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले ते १८४१ ते १८४७ या काळात. म्हणजे ही फूट त्यांच्या शाळकरी दिवसांतलीच.

योगायोग पाहा. त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता त्याला कोर्टाने बापाच्या स्वाधीन केले. बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, पोराला प्रायश्चित्त देऊन परत घ्या. सनातनी म्हणाले, घेणार नाही! झाले, मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. एडिंबरोत पाद्री फुटले आणि मुंबईत भिक्षुक फुटले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. माणसाची जात मात्र एकच!

इथवरची गोष्ट ऐकून मी मास्तरांना म्हणालो, "मग फ्री चर्चवाल्यांचेच बरोबर होते की!" मास्तर म्हणाले, "होतेच. बर्फात बाहेर पडलेल्या त्या गावकऱ्यांचे शंभर टक्के बरोबर होते. पण पुढचे ऐका."

पुढचे असे. नव्या चर्चला पैसा हवा होता. अमेरिकेला शिष्टमंडळ गेले, आणि दक्षिणेकडच्या गुलामांच्या मालकांकडूनही त्यांनी देणग्या आणल्या; सुमारे ३००० पौंड. १८४६ साली फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला, तो स्कॉटलंडभर सभा घेत फिरला. त्याची मागणी एकच : तो पैसा परत पाठवा. लोकांनी भिंतींवर तेच वाक्य रंगवले. पण फ्री चर्चने पैसा परत केला नाही. जमीनदाराच्या जुलमाविरुद्ध ज्यांनी घरेदारे सोडली, त्यांना गुलामांच्या मालकाच्या पैशातला जुलूम का दिसू नये? ते काही वाईट लोक नव्हते. पण आता टीका करणारा 'आपल्यांपैकी' नव्हता. जुने चर्चवाले त्या टीकेने खूश होत होते. आणि शत्रू ज्याने खूश होतो ते खरे असले तरी मान्य कसे करायचे? तीन वर्षांपूर्वी जी सदसद्विवेकबुद्धी होती, तिचा आता पक्ष झाला होता.

मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. ज्या जमीनदारी हक्कापायी ही फूट पडली, तो हक्क पार्लमेंटने १८७४ साली रद्द करून टाकला. भांडणाचे मूळ कारण संपले! आता दोघे भाऊ गळ्यात गळा घालून एकत्र आले असतील, असे तुम्हाला वाटेल. छे! समोरासमोर दोन चर्चे, दोन घंटा, दोन शाळा, दोन निधी, आणि दोन्हीकडे 'त्या लोकांनी आमच्या आजोबांना रस्त्यावर काढले' ही आठवण. एकत्र यायला आणखी ५५ वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९२९ रोजी ते मीलन झाले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या स्कॉटिश कॉलेजच्या इंग्रजी नावात 'चर्चेस' होते त्याचे 'चर्च' झाले. अनेकवचनाचे एकवचन व्हायला शहाऐंशी वर्षे!

तेही सरळपणे झाले नाही. मधे १९०० साली फ्री चर्च दुसऱ्या एका चर्चशी एक झाले, तेव्हा त्यातल्या मूठभर पाळकांनी साफ नकार दिला. 'मूळ मतापासून तुम्ही ढळलात, खरे फ्री चर्च आम्हीच,' असे म्हणून ते कोर्टात गेले, आणि १९०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सारी इस्टेट त्या मूठभरांच्या हवाली केली. सांभाळायला माणसे नाहीत आणि मालकी शेकडो चर्चांची! शेवटी पार्लमेंटला १९०५ साली खास कायदा करून वाटणी करावी लागली. एकीसाठी उचललेल्या पावलातून नवे भांडण निघाले ते असे.

हे रक्तातच होते म्हणा ना. १८४३ च्या फुटीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १७३३ साली, एबेनेझर अर्स्किन आणि त्यांचे सोबती जमीनदारी हक्काच्याच वादावरून वेगळे झाले होते. चौदा वर्षांत त्यांच्यात फूट पडली. कशावरून? काही शहरांत नागरिकत्वासाठी एक शपथ घ्यावी लागे. ती घ्यावी की घेऊ नये, यावरून! शपथवाले आणि शपथविरोधी असे दोन पंथ झाले. पुढे सरकारने धर्मात किती लक्ष घालावे यावरून या दोहोंचेही दोन दोन तुकडे पडले. 'जुना उजेड' आणि 'नवा उजेड' अशी त्यांची नावे. एका उजेडाचे चार दिवे, आणि प्रत्येकाला बाकी तिन्हीकडे अंधार दिसे!

या शपथेच्या वादातली एक आख्यायिका मला विसरता येत नाही. अर्स्किन यांची मुलगी ॲलिसन शपथविरोधी पंथातल्या एका पाळकाला दिली होती. पंचायतीची बैठक आटोपून नवरा घरी आला. काय झाले, तिने विचारले. त्याने खाली मान घालून सांगितले की, आम्ही तुझ्या वडिलांना आणि चुलत्यांना बहिष्कृत केले. ती बाई शांतपणे म्हणाली की, तुम्ही माझे पती आहात आणि राहाल, पण माझे पाळक आजपासून नाही. पुढे घरचा संसार तिने चोख केला, पण दर रविवारी ती दूरच्या गावी दुसऱ्या चर्चला जाई. तिकडे घोड्यावर बसवून द्यायला नवराच मदत करी, असेही सांगतात. पुरुषांनी पंथ केले. ते पेलून संसार एकत्र ठेवला तो बायकांनी.

जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर तसेही नाही. १९८८ साली ब्रिटनचे लॉर्ड चान्सेलर लॉर्ड मॅके यांच्यावर त्यांच्या छोट्या कडव्या पंथाने कारवाई केली. गुन्हा काय? दिवंगत कॅथलिक न्यायाधीशांच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेला ते हजर राहिले! त्यावरून १८९३ साली वेगळा झालेला तो पंथ १९८९ मध्ये पुन्हा फुटला. आपण हसायचे कारण नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पुढे आलेल्या चहाच्या पेल्यांवरून केवढे ग्रामण्य माजले होते! रानडे आणि टिळक, दोघेही प्रायश्चित्ताच्या त्या भानगडीत सापडले. तिकडे प्रार्थना, इकडे चहा.

असे का होते? मला वाटते, पक्षाची सुरुवात मतापासून होते, पण तो टिकतो सवयीवर. आधी आपण एका प्रश्नावर वेगळे होतो. मग आपली वेगळी जागा होते, वेगळा फंड होतो, वेगळे पदाधिकारी होतात. मुलांची लग्ने आपल्यातच जुळतात. आपल्यातल्या कुणी सोसलेले असते, त्याच्या स्मृतीचा मान राखायचा असतो. आता मूळ प्रश्न सुटला तरी हे सारे कुठे जाणार? प्रश्न सुटला असे कबूल करणे म्हणजे आजोबांचा त्याग फुकट गेला असे म्हणणे, अशी भीती वाटते. खरे म्हणजे तो फुकट गेलेला नसतो. कायदा बदलला तो त्यांच्या त्यागामुळेच. पण हे समजायला मन मोकळे लागते.

आपल्याकडेही मन मोकळे असणारी माणसे झाली. 'स्मृतिचित्रे'मुळे घरोघर ठाऊक असलेले रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. मास्तरांच्या आजोबांचे काँग्रिगेशनल चर्च आणि जालन्याचे प्रेस्बिटेरियन १९२४ साली एकत्र आले. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे मिळून उत्तर भारताचे एक चर्च झाले. एक मेथडिस्ट चर्च मात्र ऐन वेळी मागे फिरले. ते बाहेरच राहिले. मास्तर त्या वेळी तरुण होते. ते सांगतात, "आमच्यातल्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, मला फरक काहीच कळला नाही, गाणी तीच, देव तोच. मग आपण इतकी वर्षे वेगळे का होतो, तेवढे कुणीतरी सांगा."

आता शेवटची कबुली. आमच्या भागात एक जुने वाचनालय होते. ते जुन्या वाड्यातून नव्या जागेत हलवावे की नाही, यावरून चौदा वर्षांपूर्वी कार्यकारिणी फुटली. मी एका बाजूला, माझा शाळेपासूनचा मित्र दुसऱ्या बाजूला. बोलाचाली झाल्या, पत्रके निघाली, दोन वाचनालये झाली. आम्ही बोलायचे बंद झालो ते आजतागायत. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली नाही, आणि माझ्या आईच्या वेळी तो आला नाही.

ही हकीकत मी मास्तरांना सांगितली. त्यांनी विचारले, "तो जुना वाडा अजून आहे का?"

"छे हो, पाडला त्याला सहा वर्षे झाली. तिथे इमारत झाली."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे तुमचे १८७४ साल केव्हाच उलटून गेले की! आता १९२९ ची वाट पाहणार का?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. अजूनही मला वाटते की त्या वादात माझेच बरोबर होते. आणि त्यालाही त्याचेच बरोबर होते असे वाटत असणार. वाटू दे. वाड्याचा प्रश्न वाड्याबरोबर गेला.

हा लेख छापखान्यात धाडून झाला की मी डबा घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. जिना चढताना पाय थोडे अडखळतील. दार कोण उघडील, आणि उघडल्यावर पहिले वाक्य काय बोलावे, हे अजून सुचलेले नाही. गृहलक्ष्मी म्हणते, काही बोलू नका, नुसता डबा पुढे करा. यंदा चिवडा जरा तिखट झाला आहे. त्याला तिखटच आवडतो.